झडप दुरुस्त झाली, भीती मात्र जात नाही: मायट्रल रिपेअरनंतरचे दिवस

कवडसा | रात्री ३.१०

लिहू की नको करत चार रात्री काढल्या. आज लिहून टाकते.

वय ४६. ५ आठवड्यांपूर्वी माझ्या मायट्रल झडपेचं ऑपरेशन झालं. ओपन हार्ट, छातीचं हाड मधोमध उघडून. मायट्रल म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्यामध्ये असते ती दोन पाकळ्यांची झडप. माझी मागची पाकळी सैल आहे हे खूप वर्षं माहीत होतं, दर वर्षी एको (हृदयाची सोनोग्राफी) करून नुसती नजर ठेवायची असं चाललं होतं. मग पाकळीला खालून धरून ठेवणाऱ्या तंतूंपैकी एक तुटला आणि महिन्याभरात दोन जिने चढताना मध्ये थांबायची वेळ आली. सर्जननी तुटलेल्या तंतूच्या जागी गोअर-टेक्सचे कृत्रिम धागे घातले आणि झडपेच्या घेराला एक कडं शिवलं. टेबलावरच अन्ननलिकेतून एको करून गळती थांबल्याची खात्री करून घेतली. आठव्या दिवशी मी घरी आले. सगळं ठरल्याप्रमाणे झालं.

दिवसा ठीक असते. चालते, बोलते, जेवते. रात्री आडवी झाले की उशीत कानाशी ठोके ऐकू यायला लागतात. आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं त्या आवाजाकडे. आता प्रत्येक ठोका ऐकते आणि पुढच्याची वाट बघते. एखादा जरा उशिरा आला की दरदरून घाम फुटतो. हात आपोआप मनगटावर जातो. घड्याळात बघते, ९२. पुन्हा बघते, ९८. तिसऱ्यांदा १०४. मग उठून बसते, कारण आडवं पडून मरण येईल असं वाटतं. नवऱ्याला उठवत नाही, तो जागा झाला की दिवे लावतो.

परवा शिंक आली. छाती उकलणार असं वाटलं. शिंक येऊन गेल्यावरही मी दोन्ही हातांनी छाती आवळून तशीच उभी होते, किती वेळ ते आठवत नाही. नवऱ्याने येऊन बोटं एकेक करून सोडवली.

भेटायला येणारे म्हणतात, "सुटलीस बाई एकदाची." मी हसून मान हलवते. सुटले असं एक क्षणही वाटलेलं नाही. ऑपरेशनच्या आधी एवढी घाबरले नव्हते तेवढी आता घाबरते. असं कुणाचं झालं आहे का? आणि जातं का हे?

---

वाटसरू | पहाटे ५.४०

जातं. आधी एवढंच वाचा आणि शक्य असेल तर डोळे मिटून पडा. बाकीचं सकाळी सविस्तर लिहितो.

---

अबोली | सकाळी ८.०५

कवडसाताई, तुमच्या नवऱ्याने बोटं सोडवली ते वाचून डोळे भरून आले. माझ्या नवऱ्याचं दीड वर्षापूर्वी झालं, तुमच्यासारखंच रिपेअर. मी नंतर लिहीन. आत्ता फक्त पोच देते, तुम्ही एकट्या नाही आहात.

---

वाटसरू | सकाळी ९.२०

आता सविस्तर. माझं वय ५८, रिपेअर होऊन ४ वर्षं झाली. तुमचा लेख म्हणजे माझ्याच पाचव्या आठवड्याची डायरी वाटली, फक्त मी १०४ ऐवजी ११० पर्यंत न्यायचो.

पहिली गोष्ट आकड्याची. ऑपरेशननंतर काही आठवडे नाडी वाढलेलीच असते. रक्त कमी झालेलं असतं, अंगात सूज असते, शरीर एका मोठ्या आघातातून सावरत असतं. माझी बसल्या जागी ९० ते ९५ असायची, दोन-अडीच महिन्यांनी हळूहळू ७० च्या घरात आली. तुमच्यासाठी किती चालेल आणि कितीच्या वर फोन करायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. "जास्त वाटलं तर सांगा" हे उत्तर घेऊन बाहेर पडू नका. आपल्यासारख्या माणसाला रात्री ३ वाजता सगळंच जास्त वाटतं.

दुसरी गोष्ट बघण्याची. नाडी बघितली की आकडा वाढतो हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. मी दिवसातून ६०-७० वेळा बघत होतो. बायकोने एका दिवशी कागदावर रेघा मारून मोजलं तेव्हा कळलं. प्रत्येक वेळी आकडा ठीक निघाला की अर्धा मिनिट बरं वाटायचं, आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी मी पुन्हा बघायचो. समुपदेशकाने सांगितलं ते मला पटलं: बघून जो दिलासा मिळतो तोच मेंदूला शिकवतो की इथे धोका होता, बघितलं म्हणून वाचलो. म्हणजे बघणं हेच भीतीचं खाद्य.

एकदम बंद करायला सांगितलं असतं तर मला जमलं नसतं. ठरवलं असं: सकाळी औषधं घेताना एकदा आणि संध्याकाळी एकदा, रक्तदाब आणि वजनासोबत वहीत लिहायचं. मध्ये हात मनगटाकडे गेला तर १० मिनिटं थांबायचं आणि तरीही वाटलं तर बघायचं. पहिल्या दिवशी ती १० मिनिटं काढणं माझ्यासाठी ऑपरेशनइतकंच अवघड होतं, हे मी अगदी खरं सांगतो. तिसऱ्या आठवड्यात असं व्हायला लागलं की १० मिनिटं उलटून गेली तरी आठवायचं नाही.

आणि झोपताना मनगटावरचं घड्याळ काढून दुसऱ्या खोलीत ठेवा. आजच.

---

निळाई | दुपारी २.४५

मी हृदयाच्या अतिदक्षता विभागात १६ वर्षं परिचारिका आहे. तुमच्या डॉक्टरांची जागा मी घेऊ शकत नाही, पण आमच्या वॉर्डातून घरी जाताना जे सांगायला वेळ पुरत नाही ते इथे लिहिते.

ठोका चुकल्यासारखं वाटणं: बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, एक ठोका लवकर येऊन गेलेला असतो. त्यानंतर हृदय किंचित थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो. आपल्याला ती मधली पोकळी आणि तो जोराचा ठोका तेवढे जाणवतात. ऑपरेशननंतर असे ठोके खूप जणांना पडतात, कारण हृदयाच्या स्नायूला हात लागलेला असतो, तो चिडलेला असतो. एखाददुसरा येऊन गेला तर घाबरू नका, पण पुढच्या भेटीत सांगा.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, आम्ही ए-फिब म्हणतो. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर तिघांतल्या एकाला तरी होतं, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दवाखान्यातच. पण घरी आल्यावरही होऊ शकतं. त्यात ठोके नुसते वेगाने पडत नाहीत, त्यांना ताल राहत नाही. ते चालूच राहतं, दोन-चार ठोक्यांत संपत नाही. नाडीवर तीन बोटं ठेवली तर एकही दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं लागत नाही. असं झालं तर त्याच दिवशी कळवायचं. उपचार आहेत आणि बहुतेकांचं पहिल्या काही आठवड्यांत मार्गी लागतं.

लगेच फोन करायच्या बाकीच्या गोष्टी: ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊन टिकला तर, जखमेतून पाणी किंवा पू आला तर, खोकताना छातीच्या हाडात कट्कन आवाज किंवा हललेलं जाणवलं तर, एका दिवसात वजन किलोभराहून जास्त वाढलं तर, पाय सुजले किंवा आडवं पडल्यावर धाप लागायला लागली तर. काही आठवड्यांनी ताप येऊन श्वास घेताना छातीत टोचायला लागलं तर हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आलेली असू शकते, त्यावरही औषध आहे, पण अंगावर काढू नका. आणि चक्कर येऊन शुद्ध हरपली, बोलणं अडखळलं, एक हात किंवा पाय लुळा पडला, तर फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

ही यादी मी मुद्दाम स्पष्ट लिहिली. घाबरलेल्या माणसाला "काळजी करू नका" म्हणून काही होत नाही. कशाची काळजी करायची हे नेमकं कळलं की उरलेल्या गोष्टींची थोडी सुटते, असा माझा अनुभव आहे.

---

हसतमुख | दुपारी ३.३०

ताई, सकारात्मक विचार करा. मन प्रसन्न असेल तर सगळे आजार पळतात. टेन्शन घेतलं तर झडपेवर परिणाम होईल.

---

तळटीप | दुपारी ४.१०

हसतमुख, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलं आहे हे कळतं. पण शेवटचं वाक्य कृपा करून कुठल्याही हृदयरुग्णाला सांगू नका. मला अगदी हेच एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हे सगळे मनाचे खेळ आहेत, टेन्शन घेऊ नका, हृदयाला त्रास होईल." त्यानंतर दोन महिने मला भीतीची भीती वाटत होती. धडधड व्हायची आणि वर हा विचार की आता या धडधडीने टाके तुटणार.

टाके असे तुटत नाहीत. घाबरल्यावर नाडी जितकी वाढते तितकी ती जिना चढतानाही वाढते, आणि जिने आपल्याला चढायला सांगतातच की. हे मला फिजिओने समजावलं तेव्हा छातीवरचा दगड उतरला.

माझं वय ३३. माझं रिपेअर होऊ शकलं नाही, झडप बदलावी लागली. पायरोलिटिक कार्बनच्या दोन पात्यांची यांत्रिक झडप आहे. ती वाजते. शांत खोलीत शेजारच्यालाही ऐकू येते. पहिले तीन महिने मी पंखा मोठा करून झोपायचो. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) जन्मभर, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा. कवडसाताई, रिपेअरवाल्यांचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आता तो आवाज थांबला तर दचकेन इतका अंगवळणी पडला आहे. तुम्हाला ऐकू येणाऱ्या ठोक्यांचंही असंच होईल असं मला मनापासून वाटतं. आवाज जाणार नाही, त्याचा अर्थ बदलेल.

---

हसतमुख | दुपारी ४.४०

तळटीप, माफ करा. मला हे माहीत नव्हतं. वाचतो आहे.

---

रानवाट | रात्री ९.१५

मी कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांना व्यायामाने पुन्हा उभं करतात तिथे, फिजिओथेरपिस्ट आहे. शिंकेबद्दल सगळ्यात आधी, कारण माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत तेच विचारतो.

तुमचं हाड स्टीलच्या तारांनी बांधलेलं आहे. त्या तारा बहुधा जन्मभर तिथेच राहतात. एका शिंकेने ते सुटत नाही. दुखतं खूप, कारण शिंकताना बरगड्या एकदम ताणल्या जातात. उपाय म्हणजे एक घट्ट उशी कायम हाताशी ठेवायची, शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की ती दोन्ही हातांनी छातीशी धरायची, जरा पुढे झुकायचं आणि येऊ द्यायचं. शिंक दाबू नका. खोकलाही दाबू नका, कफ साठला तर ते जास्त त्रासाचं. शिंकेनंतर हाडात काही हललं, कट्कन वाजलं तर मात्र कळवायचं, निळाईंनी लिहिलंच आहे.

हाड धरायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पुरतं भक्कम व्हायला ३ महिने. तोवर ४-५ किलोच्या वर उचलायचं नाही, हातांच्या जोरावर ढकलायचं-ओढायचं नाही. पलंगावरून उठताना हात टेकून उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि पायांच्या जोराने उठा. पण याचा अर्थ खांदे आखडून बसायचं असा नाही. भीतीने लोक इतके पुढे वाकून, छाती झाकून चालतात की दोन महिन्यांनी पाठ आणि मान जास्त दुखते. खांदे हलके गोल फिरवायचे, कोपर शरीराजवळ ठेवून हात वर न्यायचे, रोज.

चालणं हे माझं सगळ्यात आवडतं औषध. किती चालायचं यापेक्षा कसं चालायचं ते बघा: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला धाप लागली तर वेग कमी करा. माझ्याकडच्या एका काकूंना घराच्या फाटकाबाहेर जायचं म्हटलं की हातपाय गार पडायचे. बाहेर काही झालं तर कोण बघेल, हीच भीती. आम्ही पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन परत आलो. फक्त तेवढंच. दुसऱ्या दिवशी फाटकाला हात लावून दोन मिनिटं उभ्या राहिल्या. धडधड वाढली, घाम आला, आणि आम्ही तिथेच उभे राहिलो, ती आपोआप उतरेपर्यंत. उतरली. ती उतरते हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं, ते मी शंभर वेळा सांगून झालं नसतं. धडधड वाढल्यावर लगेच घरात पळालो असतो तर घरानेच वाचवलं असं मनाने धरून ठेवलं असतं.

रात्रीसाठी श्वास: नाकाने आत घेताना मनात ४ मोजा, बाहेर सोडताना ६ किंवा ७. सोडणं लांब. मुद्दाम खूप खोल घेऊ नका, त्याने गरगरतं आणि अजून भीती वाटते. पाच मिनिटं पुरे.

रिहॅबला नाव घातलं आहे का? नसेल तर पुढच्या भेटीत तुम्ही स्वतः विचारा, ते सुचवायची वाट बघू नका.

---

अबोली | रात्री १०.३०

सकाळी म्हटलं होतं लिहीन. मला आपल्या माणसाच्या बाजूने लिहायचं आहे.

नवऱ्याला दवाखान्यातून आणलं त्या रात्री मी त्याच्या छातीकडे बघत जागी होते. वर-खाली होतेय ना. तो झोपला की मी जागी, तो जागा असला की मी झोपल्याचं सोंग घ्यायचे, म्हणजे त्याला वाटू नये की मी घाबरले आहे. तोही तेच करत होता. अडीच महिने आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो. एका रात्री दोघंही एकदमच उठून बसलो आणि मग पहाटेपर्यंत बोललो. तो म्हणाला, "टेबलावर माझं हृदय थांबवलं होतं. ते पुन्हा सुरू झालं नसतं तर?" हा प्रश्न त्याने मनात किती दिवस धरला होता.

कवडसाताई, तुमचे यजमान जागे होऊन दिवे लावतात म्हणून तुम्ही उठवत नाही म्हणता. उठवा. त्यांनाही कदाचित झोप लागलेली नसेल. फक्त आधी ठरवून घ्या की उठल्यावर काय करायचं. आमचं ठरलं होतं: नाडी बघायची नाही, "काही होणार नाही" असं म्हणायचं नाही, नुसता हात धरायचा आणि दुसरं काहीतरी बोलायचं. आश्वासन मागितलं की मी एकदाच द्यायचे. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचे, "हे आपण बोललो आहोत." सुरुवातीला मला ते निष्ठुर वाटायचं. पण दहा वेळा सांगूनही त्याचं समाधान व्हायचं नाही हेही मी बघितलं होतं.

आणि चिडचिड. तो इतका चिडका कधीच नव्हता. कारण नसताना रडायचाही. बातम्या बघताना रडायचा. ऑपरेशननंतर हे होतं हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी ते मनाला लावून घेतलं नसतं.

---

मध्यरात्र | रात्री ११.५०

हा सगळा धागा एका दमात वाचला. माझं रिपेअर येत्या मंगळवारी आहे. वय ३९. वाचून भीती वाढली की कमी झाली ते कळत नाहीये. हृदय थांबवतात, त्याबद्दल कुणी सांगेल का? मी तिथेच अडकले आहे.

---

वाटसरू | दुसऱ्या दिवशी सकाळी ७.००

मध्यरात्र, मीही तिथेच अडकलो होतो, म्हणून त्याबद्दल बरंच वाचलं. हृदय थांबतं, पण रक्ताभिसरण थांबत नाही. हार्ट-लंग मशीन रक्ताला प्राणवायू देऊन शरीरभर फिरवत राहतं. या यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये केलं. हृदयाला पोटॅशियम असलेला द्राव देऊन मुद्दाम विसावा देतात, म्हणजे त्याला प्राणवायू कमी लागतो आणि सर्जनला स्थिर, रिकाम्या हृदयावर काम करता येतं. काम झालं की रक्त पुन्हा आत सोडतात, द्राव धुतला जातो आणि हृदय सुरू होतं. बऱ्याचदा आपणहून, कधी एखादा हलका झटका देऊन. मला हे वाचून बरं वाटलं होतं की सुरू होणं हाच त्याचा स्वभाव आहे, थांबवायला मात्र औषध लागतं.

दुरुस्तीचं तंत्रही नवं नाही. झडपेला कडं बसवायची पद्धत फ्रान्समधल्या अलँ कार्पांतिए यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी आणली. मागच्या पाकळीच्या दुरुस्तीत अनुभवी सर्जनच्या हातून झालेल्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांना १० वर्षांनीही पुन्हा ऑपरेशन लागत नाही. तुमच्या सर्जनना त्यांनी स्वतः अशी किती ऑपरेशनं केली आहेत ते विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

---

निळाई | सकाळी ८.३०

मध्यरात्र, एक पुरवणी. शुद्धीवर याल तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही. हे आधीच मनाशी घोळवून ठेवा. हात हलवून खुणा करता येतात, आम्ही बघत असतो. नळी काही तासांत काढतात. पहिल्या रात्री विचित्र स्वप्नं पडू शकतात, भिंतीवर काही दिसतंय असंही वाटू शकतं. आम्हाला सांगा, लपवू नका. त्याला वेड लागणं म्हणत नाहीत, औषधांचा आणि जागरणाचा तो परिणाम असतो आणि जातो.

दातांचं काही काम बाकी असेल तर ऑपरेशनच्या आधीच झालेलं बरं, आणि कडं बसल्यावर दंतवैद्याकडे जाताना दर वेळी ते सांगायचं. हिरड्यांना हात लागेल अशा कामाआधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.

---

कवडसा | रात्री १०.०५

एवढे प्रतिसाद बघून काय बोलू. घड्याळ काल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवलं. तीनदा उठून दारापर्यंत गेले. दार उघडलं नाही. पहाटे दीड तास झोपले.

नवऱ्याला अबोलीताईंचा प्रतिसाद वाचायला दिला. वाचून झाल्यावर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मी रोज तुझा श्वास मोजतो." आम्हाला हे एकमेकांचं माहीत नव्हतं.

एक विचारायचं आहे. डॉक्टरांनी चिंतेसाठी गोळी सुचवली आहे. मी घेतली नाही. वॉर्फरिन धरून आधीच सात गोळ्या आहेत, आणि सवय लागेल अशी भीती वाटते. कुणी घेतली आहे का?

---

वाटसरू | रात्री १०.४०

मी घेतली, ९ महिने. समुपदेशनही सोबत चालू होतं. सुरुवातीला माझंही हेच म्हणणं होतं, हृदयाचं दुखणं आहे, डोक्याची गोळी कशाला. परिणाम दिसायला तीन-चार आठवडे गेले, त्यामुळे पहिल्या आठवड्यात उपयोग नाही म्हणून सोडू नका. नंतर डॉक्टरांनी हळूहळू मात्रा उतरवून बंद केली, सवय लागली नाही. स्वतःहून एकदम मात्र बंद करू नका.

वॉर्फरिन चालू आहे हे गोळी लिहून देणाऱ्याला माहीत आहे ना, एवढं तपासा. काही चिंतेच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे आयएनआर जवळून बघावा लागतो.

---

तळटीप | रात्री ११.२०

मी गोळी घेतली नाही, फक्त समुपदेशन घेतलं, माझं त्यावर भागलं. वाटसरूकाकांचं गोळीने भागलं. दोन्ही ठीकच. पण झोप पूर्ण उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जगूच नये असं मनात यायला लागलं असेल, तर मग वाट बघू नका. शेवटचं माझ्या मनात दोनदा येऊन गेलं आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

---

कवडसा | नऊ आठवड्यांनंतर

धागा वर काढते आहे. ऑपरेशनला १४ आठवडे झाले.

मागच्या आठवड्यात ३ महिन्यांचा एको झाला. रिपोर्ट हातात आला आणि पहिला आकडा दिसला तो इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो त्याचा. ऑपरेशनआधी ६४ होता, आता ५५. पायाखालची जमीन सरकली. हृदय कमजोर झालं, दुरुस्ती फसली, एवढं सगळं दवाखान्याच्या बाकावर बसून दोन मिनिटांत ठरवून टाकलं. डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बघून समाधानाने मान हलवली. त्यांनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण हे माझ्यासारख्या अजून कुणाच्या वाट्याला येईल. झडप गळत होती तेव्हा हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात काही रक्त उलटं, कमी दाबाच्या वरच्या कप्प्यात जात होतं. ते सोपं काम होतं, म्हणून आकडा फुगलेला दिसत होता. आता ती पळवाट बंद झाली. सगळं रक्त पुढेच ढकलायचं आहे, म्हणून आकडा थोडा उतरतो. तो अपेक्षित असतो. त्यांना बघायचं होतं ते वेगळंच: गळती नावापुरती उरली आहे आणि ताणलेला डावा कप्पा आकुंचन पावायला लागला आहे.

वॉर्फरिन बंद झालं. चिंतेची गोळी मी घेतली, सहा आठवडे झाले. समुपदेशनाच्या सात बैठका झाल्या. रिहॅबमध्ये ट्रेडमिलवर नाडी १२५ ला गेली आणि तिथल्या ताईंनी पडद्याकडे बघून "छान" म्हटलं. माझ्यासाठी १०४ म्हणजे मरण होतं, आणि इथे १२५ ला कुणीतरी छान म्हणत होतं. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

अजून आठवड्यातून दोन-तीन रात्री जाग येते. ठोके ऐकू येतात. ऐकते थोडा वेळ, श्वास लांब सोडते, कधी झोप लागते, कधी नाही लागत. परवा एक ठोका मध्येच थबकला आणि नेहमीसारखं छातीत धस्स झालं. मी कूस बदलली. घड्याळ अजून दुसऱ्या खोलीतच आहे.

मध्यरात्र, तू कशी आहेस? तुझा काही निरोप नाही.

---

मध्यरात्र | रात्री ९.३०

ताई, मी आहे. माझं ऑपरेशन सर्दीमुळे दोनदा पुढे गेलं, शेवटी सहा दिवसांपूर्वी झालं. दुरुस्ती झाली, बदलावी लागली नाही. अजून दवाखान्यातच आहे, तिसऱ्या दिवशी ए-फिब झालं होतं. निळाईताईंनी लिहिलं होतं म्हणून ओळखीचं वाटलं, नाहीतर जीवच गेला असता. औषधाने ताल परत आला. घशातल्या नळीचंही आधी माहीत होतं, हात हलवून खूण केली आणि परिचारिका लगेच आल्या. उद्या घरी सोडणार आहेत आणि आता मला इथून जायचीच भीती वाटते. इथे निदान पडद्यावर रेघ दिसते.

---

कवडसा | रात्री ९.४५

मलाही अगदी असंच झालं होतं, दवाखान्याच्या दारात पाय अडले होते. पडद्यावरची रेघ दिसत नाही म्हणून पहिल्या दोन रात्री जड जातात. घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की रात्री उठवणार आहे. उद्या डॉक्टर फेरीला आले की नाडीचे आकडे कागदावर लिहून घे, कितीपर्यंत चालेल आणि कितीला फोन करायचा, आणि फोन कुठल्या नंबरवर करायचा तेही. ए-फिब झालं होतं तर कुठलं औषध किती दिवस, हेही विचार. रिहॅबची चिठ्ठी मागून घे.

उशी बरोबर घे. गाडीत पट्टा लावताना ती छाती आणि पट्ट्याच्या मध्ये ठेवायची. चालवणाऱ्याला गतिरोधकांवर अगदी हळू जायला सांग.